कृष्णाकाठी वाळलेला पडदा

साताऱ्याच्या जकात नाक्यावर आमची दुधाची किटली अडवली, आणि माझं डोकं तापायला तिथूनच सुरुवात झाली.

किटलीत दूध नव्हतं. पाणी होतं, आणि त्या पाण्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत आमच्या प्रयोगशाळेत बनवलेले पांढरे पडदे होते. नाक्यावरच्या माणसाने झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला आणि पिशवीतून एक पडदा वर काढून उन्हासमोर धरला.

"ह्ये काय, पापड हायत व्हय?"

मी एवढ्या जोरात ओरडले की मागच्या ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढलं. आमचे ड्रायव्हर मोरे लष्करातून निवृत्त झालेले, आवाज न चढवता हुकूम सोडणारे. ते शांतपणे म्हणाले, "पैलवान, आत ठिवा त्ये. मॅडमचा जीव हाय त्यात." पडदा पाण्यात गेला, झाकण बसलं आणि आम्ही सुटलो.

मोरे बोलले त्यात फारसं खोटं नव्हतं. पाणी गाळण्याच्या पडद्यांवर मी आणि माझे सहकारी पुण्यात कित्येक वर्षं काम करत होतो. दिसायला हा पडदा जाड कागदासारखा. त्याची छिद्रं इतकी बारीक की पाणी जातं, पण गाळ आणि रोगाचे जंतू अडकतात. त्यावर आम्ही भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या फुगणाऱ्या पदार्थाचा पातळ थर चढवला होता. पडद्यावर ओरखडा उठला तर हा थर पाणी पिऊन फुगतो आणि ओरखडा आपोआप बुजतो. जखम स्वतःच भरून काढणारा पडदा! आम्हाला त्याचा फार गर्व होता. अट एकच होती, तो सतत ओला राहिला पाहिजे. एकदा कडक वाळला की छिद्रं मिटतात आणि मग वरून कितीही पाणी ओता, खाली थेंब पडत नाही.

हे पडदे बसवलेली गाळणयंत्रं त्या वर्षी सातारा-सांगलीकडच्या काही गावांत एका योजनेतून दिली होती. त्यातलं कृष्णाकाठच्या एका गावातलं यंत्र नवरात्राच्या तोंडावर बंद पडलं. "तज्ज्ञ म्हणून येऊन पाहून जा," असा निरोप आला, म्हणून मी निघाले होते.

सातारा

योजनेच्या साहेबांनी मला एका हॉटेलात जेवायला बोलावलं होतं. माणूस अतिशय गोड. मी खुर्चीवर टेकायच्या आत कंदी पेढ्यांचा पुडा समोर आला. पुण्यात काम सांगायच्या आधी चहा विचारतात की नाही याचीच शंका, इथे आधी पेढा आणि मग बातमी. बातमी मात्र कडू होती.

"मॅडम, बायकांनी पडदा धुतला."

"धुतला म्हणजे?"

"नदीवर नेला. साबण लावला. दगडावर आपटून आपटून फाडला. हौसाबाई म्हणून एक आहे, तिच्याकडे यंत्राची किल्ली होती. आपण कितीही चांगली वस्तू दिली तरी अडाणीपणापुढे काय करणार?"

माझ्या हातातला पेढा तसाच राहिला. दगडावर आपटला! पोटच्या पोराला कुणी मारल्यासारखं वाटलं. त्या न पाहिलेल्या हौसाबाईचा मला इतका संताप आला की तिथल्या तिथे जीप काढावी आणि तिला जाब विचारावा असं झालं. साहेबांनी तेवढ्यात अहवाल काढला. 'ग्रामीण महिलांच्या अज्ञानामुळे यंत्र निकामी, सबब गावातून परत घेण्यात यावे' असा मजकूर आधीच टाइप केलेला होता. खाली तज्ज्ञाच्या सहीसाठी जागा मोकळी होती.

"पाहून आल्यावर करते," मी म्हटलं. "पण पडदा ओला ठेवायचा, साबण लावायचा नाही, हे सांगितलं होतं ना? आम्ही तुम्हाला मराठीत समजावून दिलं होतं."

"म्हणजे काय! रीतसर प्रशिक्षण झालं. ह्याच हॉटेलात."

भाकऱ्या घेऊन आलेल्या वाढप्याचा चेहरा उजळला. "व्हय की! सगळे सरपंच आल्ते. लय जेवले. रस्सा कमी पडला, परत टाकावा लागला."

"आणि बायका किती होत्या?" मी विचारलं.

वाढपी साहेबांकडे बघायला लागला. साहेब हसले. "महिलांना कुठे जमतं हो एवढ्या लांब यायला? समितीचे सगळे सदस्य होते." त्यांनी मला आणखी एक पेढा दिला. पेढा उत्तम होता, हे रागातही कबूल करावं लागेल.

गाव

रात्र साताऱ्यात काढून सकाळी निघालो. कऱ्हाड मागे टाकलं आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. पाऊस नुकता संपलेला, कृष्णा अजून गढूळ आणि काठोकाठ. मध्येच द्राक्षांचे मांडव लागत. नुकत्या छाटलेल्या वेली तारांवर नुसत्या काड्या होऊन बसल्या होत्या. मोरेंचं गाव याच बाजूचं असल्यामुळे प्रत्येक वळणावर कुणीतरी ओळखीचं निघे आणि गाडी थांबे. मी चिडायचं ठरवून बसले होते, पण एका थांब्यावर कोळशावर भाजलेली कणसं आली आणि चिडायचं राहून गेलं.

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. यंत्र शाळेच्या ओट्यावर होतं, हार घातलेलं. उद्घाटनाचा हार तसाच वाळून गेला होता. सरपंच, सगळे त्यांना तात्या म्हणत, स्वागताला आले. "आमच्याकडनं काय बी कमी न्हाई बघा," त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. "त्या बाईनं घात केला. आमी देवळाच्या कर्ण्यावरनं जाहीर केलंय, तिनं यंत्र मोडलं म्हणून. लोकांस्नी कळाय नगो?"

हौसाबाईला गावात हौसाक्का म्हणत. तिचं घर शाळेच्या समोरच होतं. नवरा आणि लेक मद्रासला गलाईच्या दुकानात, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या धंद्यात. विट्याच्या बाजूची कितीतरी माणसं त्यासाठी देशभर पांगली आहेत. घरात ती एकटी. पन्नाशीची, उंच, हाडाची बाई. मी उंबऱ्यात उभी राहिले तेव्हा तिने आधी डोक्यावरून पदर घेतला, मग पाण्याचा तांब्या पुढे केला आणि लगेच मागे घेतला.

"नगं. ह्ये गाळलेलं न्हाई. तुमी पुण्याच्या, पोट बिघडंल."

भांडायला गेलेल्या माणसाचं अशा वेळी काय करायचं ते कुणी शिकवत नाही. मी तिच्या सोप्यात बसले आणि म्हटलं, "पडदा का धुतलात?"

"आवं, नवरात्र न्हवतं का आलं!"

एवढंच ती म्हणाली, जणू यात सगळं आलं. आणि खरोखरच त्यात सगळं आलं होतं. आमच्या पुण्यात नवरात्राआधी जाळी-जळमटं काढतात, फार तर पडदे लाँड्रीत टाकतात. कृष्णाकाठी घटस्थापनेआधी घर रिकामं होतं. वाकळा, घोंगड्या, चादरी, डबे, हंडे, घरात जे जे म्हणून आहे ते नदीवर जातं, धुतलं जातं आणि उन्हात कडकडीत वाळवून परत येतं. काठावर मैलभर रंगीत कापडं पसरलेली असतात. ओलसर, मळकं काही घरात ठेवून घट बसवायचा म्हणजे देवीचा अपमान.

"समद्या गावाचं धुणं झालं," हौसाक्का सांगू लागली, "आन् पोरं ज्यातनं पाणी पित्यात त्या यंत्रातला कपडा तेवढा मळका? मला न्हाई बघवलं. काढला, पिवळा पडल्याला. नदीवर न्हेला. लय नाजूक वाटला, म्हणून साबण लावून लुगड्याच्या पदरावानी हातानं चोळला. मग उन्हात घातला. मस चांगला वाळला! परत बसवला आन् पाणीच यीना."

"दगडावर आपटला नाहीत?"

ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघायला लागली. "दगडावर? गाळण्याचा कपडा कुनी दगडावर आपटतं व्हय?"

मग तिने आतून पडदा आणला. कर्ण्यावर जाहीर झाल्यापासून तिने तो देवाच्या फळीवर ठेवला होता. मी दाराच्या उजेडात धरून पाहिला, उलटसुलट केला, बोटाने चाचपला. फाटलेला कुठेच नव्हता. साधी चीरसुद्धा नव्हती. पापडासारखा खडखडीत वाळला होता, एवढंच. माझा सगळा संताप जागच्या जागी वळला आणि साताऱ्याच्या दिशेने तोंड करून उभा राहिला.

त्या बाईला नवरात्रात कुणी ओटी भरायला बोलावलं नव्हतं. देवीच्या आरतीला ती देवळाच्या मागच्या बाजूला उभी राहिली. नदीवर ती आता सगळ्या बायका परतल्यावर जाते. हे तिने सांगितलं नाही. दुपारी भाकरी आणि कृष्णाकाठच्या वांग्याची भाजी वाढताना शेजारची सून खालच्या आवाजात बोलून गेली. ती भाजी मी आयुष्यात खाल्लेल्या सगळ्यात चविष्ट भाज्यांपैकी आहे, आणि मी ती अर्धी ताटातच ठेवली. शिवाय सभेत किल्ली काढून घेणार, हेही सुनेने सांगितलं. सभा दुसऱ्याच दिवशी होती आणि साहेब स्वतः येणार होते.

मिरज

पडदा वाळला असेल, पण फाटला नसेल, तर तो उठवायचा एक उपाय असतो. आधी स्पिरिटमध्ये भिजवायचा, मग पाण्यात. स्पिरिट मिटलेल्या छिद्रांत शिरतं आणि पाण्याला वाट करून देतं. स्पिरिट मिळायचं ठिकाण म्हणजे दवाखान्यांचं मिरज.

मिरजेत दर दोन दुकानांआड औषधाचं दुकान आहे. तरीही पहिल्या दुकानदाराने जीप, पुण्याची बाई आणि मोरेंच्या मिशा यांच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, "येवढं स्पिरिट कशाला पायजे?"

"कपडा भिजवायला," मोरे म्हणाले.

"कसला कपडा?"

"वाळल्याला."

दुकानदाराने मोरेंच्या तोंडाचा वास घेतल्यासारखं नाक पुढे केलं. मोरे आयुष्यात चहाशिवाय काही प्यायले नव्हते, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं. त्यांचा अपमान त्यांच्याहून मला जास्त लागला. मी दुकानदाराला पडदा म्हणजे काय, छिद्रं म्हणजे काय, सगळं भर रस्त्यात उभं राहून समजावलं. ते संपल्यावर तो म्हणाला, "बरं बरं, न्या," आणि बाटल्या दिल्या. मला वाटतं त्याने त्या फक्त मी गप्प बसावं म्हणून दिल्या.

परतताना सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत गाडी अडकली. एका दारात तंबोऱ्याचे भोपळे रांगेत मांडले होते. कारागीर म्हणाले, भोपळा वर्षानुवर्षं वाळावा लागतो, ओल राहिली तर सूर धरत नाही. मी मनात म्हटलं, इथे पोरासोरांनाही माहीत असतं की वाळवायचं काय आणि कसं, कारण बाप लेकाला सांगतो. न सांगता कुणालाच काही कळत नाही, मग तो सतारीचा कारागीर असो की मी.

संध्याकाळी हौसाक्काच्या परड्यात मी पडदा परातीत स्पिरिटमध्ये भिजवला, मग स्वच्छ पाण्यात. दोन-चारदा पाणी बदललं. वरचा थर हळूहळू फुगला आणि साबणाने चोळून उठलेले बारीक ओरखडे बुजून गेले. मग आम्ही पडदा यंत्रात बसवला, पहिलं पाणी टाकून दिलं आणि वरून कृष्णेचं गढूळ पाणी ओतलं. हौसाक्का खाली तांब्या धरून बसली. बराच वेळ काही झालं नाही. मोरे म्हणाले, "येतंय, येतंय," जणू ते बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभे होते. मग एक थेंब आला, मग धार, बारीक पण स्वच्छ. हौसाक्काने तोंडाला पदर लावला आणि ती रडली, असं मी इथे सरळच लिहिते.

पुन्हा गाव

सभा शाळेच्या अंगणात, लिंबाखाली. पुरुष सतरंजीवर, बायका भिंतीला टेकून उभ्या. साहेबांना हार घातला, मला नारळ दिला. साहेबांनी भाषण केलं आणि अहवाल माझ्यापुढे सरकवला.

मी सही केली नाही. मी यंत्राची तोटी सोडली. पाणी आलं. मग सभेसाठी उघड्या ठेवलेल्या यंत्रातून तो पडदा काढला आणि पहिल्या रांगेतल्या माणसाच्या हातात दिला. "कुठे फाटलाय दाखवा," म्हटलं. पडदा हातोहात फिरला. कुणालाच चीर सापडली नाही. बायकांपर्यंत मात्र तो पोचलाच नाही, रांगेच्या शेवटी एका म्हाताऱ्याने तो मला परत आणून दिला.

"दगडावर आपटल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?" मी साहेबांना विचारलं. साहेब तात्यांकडे बघायला लागले. तात्यांनी टोपी काढून झटकली.

"तात्या, तुम्ही साताऱ्याला प्रशिक्षणाला होतात ना? तिथे काय सांगितलं होतं?"

"पडदा वला ठिवायचा. साबण लावायचा न्हाई." तात्या अगदी पाठ म्हणून दाखवल्यासारखं बोलले.

"मग हे तुम्ही गावात येऊन कुणाला सांगितलंत?"

तात्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर बसवली.

"बायास्नी काय सांगायचं त्यात?" तात्या शेवटी म्हणाले. "यंत्र समितीचं हाय. त्या निस्त्या पाणी भरत्यात."

मी चांगल्या घरातली, शिकलेली, सरकारी कामानिमित्त आलेली बाई. तरी मी त्या अंगणात उभी राहून बोंबललेच, दुसरा शब्द नाही. पाणी ओतणारी ती, यंत्र पुसणारी ती, पडदा काढून बसवणारी ती, आणि पडदा कसा सांभाळायचा हे मटण खाऊन ऐकणार तुम्ही? ऐकून पोटात ठेवणार? आणि यंत्र बंद पडलं की कर्ण्यावरून तिचं नाव? तुमच्यापैकी एकाने तरी कधी ह्या तोटीखाली हंडा धरलाय का? आणखीही बरंच बोलले. काही आठवत नाही, काही लिहिण्यासारखं नाही.

साहेब मधे पडले. "मॅडम, झालं गेलं. समंजसपणे घेऊ. आपण पुन्हा एक प्रशिक्षण ठेवू. साताऱ्याला. समितीला बोलावू."

"समितीला?"

"हो, म्हणजे... समितीलाच ना." त्यांना माझा प्रश्न खरोखरच कळला नव्हता. त्या गोड माणसाचा मला तेव्हा सगळ्यात जास्त राग आला.

"आन् किल्ली आता आमच्या पुतन्याकडं ऱ्हाईल," तात्यांनी भर घातली. "हौसाबाईला तरास नगो. तिनं बी मनावर घिऊ नये. ईसरून जायाचं."

विसरून जायचं! माझ्या पडद्याची जखम पाण्यात ठेवली की आपोआप भरते, हे मी कित्येक परिषदांत सांगितलं आहे. माणसाचीही तशीच भरते असं मानणारे लोक मला त्या दिवशी भेटले.

मी मोरेंना हाक मारली. मोरेंनी जीपमधून किटली आणून ओट्यावर ठेवली. "हा जुना पडदा आता फार दिवस टिकायचा नाही," मी सांगितलं. "नवे ह्यात आहेत. हे मी हौसाक्काच्या हातात देईन, नाहीतर पुण्याला परत नेईन. आणि किल्ली जिच्या हातात पडदे, तिच्याचकडे. पुतण्याला पडदे हवे असतील तर पुतण्याने स्वतः बनवावेत."

पुरुषांत कुजबुज झाली. साहेब हसले, मग हसायचे थांबले. तात्यांनी कोपरीच्या खिशात हात घातला. त्यांनी हौसाक्काकडची किल्ली सभेआधी सकाळीच काढून घेतली होती, तर. त्यांनी ती ओट्यावर ठेवली, हौसाक्काच्या हातात दिली नाही.

मला वाटलं, हौसाक्का येईल, किल्ली उचलेल आणि मान खाली घालून परत जाईल. ती आली. किल्ली कमरेला खोचली. मी किटलीतून ओली पिशवी काढून तिच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "अक्का, हा कधी वाळू द्यायचा नाही. साबण लावायचा नाही. मळला तर साध्या पाण्यात हलवायचा. झालं."

तिने पिशवी छातीशी धरली. पाणी तिच्या पदरावरून खाली निथळत होतं.

"झालं?"

"हो, एवढंच."

"येवढंच हुतं?" ती माझ्याकडे बघत होती, तात्यांकडे नाही, साहेबांकडेही नाही. "आवं, येवढं सांगायला किती येळ लागला तुमास्नी? येवढ्यासाठी म्या घट बसल्यापास्नं तोंड लपवून फिरतीया? ही समदी शानी मानसं साताऱ्याला जाऊन आली, तुमी पुण्यात बसून ह्यो कपडा केलासा, आन् माझ्या दारात यिऊन येवढं बोलायला कुनाला तोंड न्हवतं?"

मी काहीतरी म्हणणार होते. आम्ही साहेबांना सांगितलं होतं, मराठीत, नीट समजावून. ते वाक्य तोंडाशी आलं आणि तात्यांचं 'बायास्नी काय सांगायचं त्यात?' आठवलं, आणि मी किटलीचं झाकण लावलं.

ती ओट्यावरून खाली उतरली, पण घरी गेली नाही. भिंतीला टेकलेल्या बायकांकडे गेली, त्यांच्यासमोर ओली पिशवी उघडली आणि माझेच शब्द त्यांना एकेक करून सांगायला लागली. आमच्याकडे पुन्हा कुणीच पाहिलं नाही. साहेब म्हणाले, "चला, जेवण तयार असेल." मी मोरेंना गाडी काढायला सांगितली.